सोपानमामांची लोड ट्रायल

सोपानमामा लग्नाला आले की नवरा-नवरीकडे बघत नाहीत, पंख्याकडे बघतात. मंगलाष्टकं चाललेली असतात, दोन माणसं अंतरपाट धरून ताटकळलेली असतात, आणि आमचे मामा हातातल्या अक्षता सदऱ्याच्या खिशात ओतून खांबाशेजारच्या मोठ्या पंख्यापाशी जातात. आतल्या खिशातून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढतात. टोक पंख्याच्या मोटरीला, मूठ कानाला, आणि डोळे मिटलेले. इकडे 'सावधान' होतं, वाजंत्री सुरू होतात, लोक जेवणाच्या रांगेकडे पळतात. मामा सावकाश डोळे उघडतात आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला सांगतात, "ह्यो काय माघ बघत न्हाई."

एकदा शेजारी नवऱ्या मुलाचे आजोबा उभे होते. बिचारे त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्यांना खुर्चीत बसवून, पाणी पाजून, मामा पंख्याबद्दल बोलत होते हे तीनदा समजावून सांगितलं. पंखा पौषातच गेला. आजोबा परवा नातवाच्या पोराच्या बारशाला आले होते, ठणठणीत आहेत.

मी भांडगावच्या एका लॉन्सचा मॅनेजर. सोलापूर रोडला आता जिकडे बघावं तिकडे लॉन्स झालेत, त्यातलंच आमचं एक. मी मूळचा शिरूरचा. सतरा वर्षं झाली, लोकांची लग्नं लावतोय. खरं सांगतो, मला लग्नाचा वीट आलाय. पनीरचा वास आला की घरी जावंसं वाटतं, आणि घरी बायकोनं पनीर केलं की परत इकडे यावंसं वाटतं. रुसलेले जावई, हरवलेल्या चपला, 'आमच्याकडच्यांना आइस्क्रीम मिळालं नाही' म्हणून आलेले काका, हे सगळं मी निस्तरतो. मालक पुण्यात असतात आणि फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतात.

आमच्या पार्किंगपासून मांडवापर्यंत साडेचारशे पावलं आहेत. मी मोजलीत, कारण दिवसातून वीस वेळा चालतो. म्हाताऱ्या माणसांचे हाल व्हायचे, म्हणून मालकांनी कुठल्याशा गोल्फच्या मैदानावरून एक जुनी बॅटरीची गाडी आणली. पुढं दोन माणसं, मागं दोन, मागच्या सीटचं तोंड उलटं. म्हणजे मागं बसलेल्याला आपण कुठं चाललोय ते दिसत नाही, कुठून आलो तेवढं दिसतं. गाडी चार माणसांची. पण आपल्याकडे चारजणांच्या गाडीत चौघंच बसले तर बाकीचे भांडून घरी राहिलेत असं लोकांना वाटतं. मागच्या सीटवर पाच-पाच आत्याबाई बसायच्या. आत्याबाई उतरल्या की आचारी भाताची पातेली चढवायचा, पातेली उतरली की बँडवाले भोंगे. सगळा भार मागच्या चाकांवर. आम्ही तिला छकडा म्हणायचो.

आणि छकड्याचे डॉक्टर सोपानमामा.

मामा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं फिटर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अंगातली शिफ्ट गेलेली नाही. घड्याळ बघून वेळ सांगत नाहीत. "फस्ट शिफ्ट सुटताना येतो" म्हणजे दुपारी तीन. मामींनी चहाला उशीर केला की "रिलिव्हर आला न्हाई वाटतं" म्हणायचे. दुसऱ्यांच्या घरात माणूस गेलं तर मामा चार शब्द बोलून गप्प बसतील, पण पंपाचं बेरिंग गेलं की टोपी काढतात. "गेलं बिचारं," म्हणतात. "लई सोसलं त्यानं." मग ते बेरिंग कुठल्या साली बसवलं, कुणी ग्रीस दिलं नाही, कोणत्या सुपरवायझरनं त्याला छळलं, असा सगळा इतिहास ऐकावा लागतो.

माणसं खोटं बोलतात, मशीन बोलत नाही, हे त्यांचं दुसरं पालुपद. मालकांनी नवी कोरी मोटार आणली तेव्हा आम्ही सगळे हार, नारळ, पेढे घेऊन उभे. मामांनी पेढा तोंडात टाकला, बॉनेट उघडायला लावलं आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. मालक हसत होते. मामा म्हणाले, "अल्टरनेटर कन्हतोय." मालकांचं हसू तिथंच मावळलं. महिन्याभरात मोटार कंपनीच्या गॅरेजला गेली आणि त्या दिवसापासून मालक मामांना पाण्यात पाहतात. मामा एकदा माझ्या घरी आले तर बायकोच्या मिक्सरला दिवाळीपर्यंतची मुदत देऊन गेले. बायको अजून त्यांचं नाव काढू देत नाही. मी एकदा पायरी चढताना 'आई गं' म्हणालो, तर मामांनी माझ्या गुडघ्याला स्क्रूड्रायव्हर लावला. "म्यानेजर, ग्रीस संपलंय." मी चिडलो. पण ग्रीस संपलेलं होतं.

मामांचं घर आमच्या लॉन्सच्या मागच्या भिंतीला लागून, दोन खोल्या. घरात ते आणि मामी. मामींना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून मामी कुठं दिसत नाहीत. चाकाची खुर्ची आणली होती, ती त्यांनी एका हातानं ढकलून दिली म्हणे. मी चौकशी केली की मामा "हाय बरी" म्हणायचे आणि विषय बदलून चेनला तेल घातलं का ते विचारायचे. मीही जास्त खोदून विचारलं नाही. मला माझीच उस्तवार पुरे होती.

मामा छकड्याची देखभाल फुकट करायचे. अट एकच. ज्या दिवशी मुहूर्त नसेल त्या दिवशी गाडी ट्रायलला न्यायची.

"कसली ट्रायल, मामा? गाडी तर चालतीय."

"चालतीया म्हनून सोडून द्यायची व्हय? मोकळी गाडी कुनीबी चालवंल. लोड ट्रायल घ्यावी लागती."

ट्रायल दीड तास चालायची. साडेचारशे पावलांच्या रस्त्याला दीड तास! मागच्या फाटकातून मामा जायचे आणि मागच्याच फाटकातून यायचे. आले की गाडी नळीच्या पंपानं स्वच्छ धुऊन, पुसून जागेवर. मी मनात म्हणायचो, बाबा, असा एक माणूस दे मला मंडपात, बाकी काही नको. दिवाळीनंतर ट्रायली वाढल्या. आठवड्यातून तीन-तीनदा. मला वाटलं, रिटायर माणूस, घरी करमत नसेल.

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, आणि एका गुरुवारी छकडा गुरगुरायला लागला. मागच्या उजव्या चाकातून जात्यासारखा आवाज. दोन फेऱ्यांत चाक डुलायला लागलं. त्यात रविवारी मोठं लग्न. नवऱ्या मुलाची आजी पंच्याऐंशीची, तिच्या पायात ताकद नाही, आणि तिला उचलून नेलेलं चालत नाही. "मी काय पोतं हाय का?" असं ती बोलणी करायला आलेल्या माणसांसमोरच म्हणाली होती. गाडी आहे म्हणून तर त्यांनी आमचं लॉन्स घेतलं.

मी मालकांना फोन केला. मालक म्हणाले, "त्या डबड्यानं वैताग आणलाय. रविवारी चालली तर ठीक. नाही चालली तर सोमवारी भंगारवाल्याला दे. म्हातारीला खुर्चीत बसवून चौघं उचलतील."

हे मी मामांना सांगितलं. सांगताना मला थोडा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. गेला छकडा तर एक कटकट कमी. पण मामांचा चेहरा उतरला. स्क्रूड्रायव्हर हातात तसाच राहिला.

"भंगारात? न्हाई. भंगारात न्हाई द्यायची. रविवारच्या आत उभी करतो."

"मामा, तुम्हाला काय एवढं? तुमची का गाडी आहे?"

"तुम्ही निस्तं पाना द्यायला उभं ऱ्हावा," मामा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मामांनी गाडी जॅकवर घेतली. मला हातात टॉर्च देऊन उकिडवं बसवलं. मॅनेजर मी, पण मामा पाना मागतात तेव्हा सर्जनसारखा हात पुढं करतात, आणि आपण तो द्यायचा असतो. चुकीच्या नंबरचा दिला तर हात तसाच हवेत राहतो. चाक काढलं, ड्रम काढला, आतली सर्क्लिपची गोल कडी काढली आणि ॲक्सलचा लांब दांडा बाहेर ओढला. दांड्यावरच बेरिंग घट्ट बसलेलं. मामांनी फिरवलं. खर्र खर्र.

"गेलं बिचारं," मामा म्हणाले. पण टोपी काढली नाही. त्याचं मला नवल वाटलं.

मी वाकून बघितलं. बेरिंग गंजून लाल झालेलं, ग्रीसचा नुसता चिखल झालेला.

"पाणी गेलंय की हो आत. कोण मारतं पाणी?"

मामा खाली बघून फडक्यानं दांडा पुसत राहिले. मग म्हणाले, "त्यो डेकोरेशनवाला. फुलांवर पानी मारतो, चाकांवर बी मारत असंल."

माझं डोकं सणकलं. दोन दिवसांची दगदग त्या एका माणसामुळं! डेकोरेशनवाला तिकडे कमानीला झेंडू बांधत होता. त्याला शिडीवरून खाली उतरवला आणि झाडून काढला. तो पोरांच्या गळ्याची शपथ घ्यायला लागला, "साहेब, मी चाकाला हात लावला नाही!" चोराच्या उलट्या बोंबा, म्हणालो मी. परत आलो तर मामा ॲक्सलवरून काहीतरी सोडवत होते. पांढरट, मळकट धाग्यांचा गुंडाळा, चांगला मूठभर.

"हे काय? लोकर?"

"गादीतला कापूस असंल," मामा म्हणाले आणि गुंडाळा खिशात घातला. त्याच खिशात, जिथं अक्षता ओततात.

आता बेरिंग आणायचं. मामा म्हणाले, दोन आणा. गेलंय उजवं, पण बदलायचं जोडीनं. "एक नवं, एक जुनं ठेवलं तर जुनं दमून लवकर मरतं." मी दौंडला गेलो, दोन बेरिंगं आणली. डबीवर झकपक नाव. मामांनी एक कानाशी धरलं, बोटानं फिरवलं आणि परत डबीत ठेवलं.

"वाळू हाय ह्यात."

"मामा, सीलबंद आहे! कंपनीतून आलंय!"

"डबी कंपनीची हाय. बेरिंग कुनाचंय त्याला इचारा. तुमच्या शिरूरला मिळंल चांगलं. जावा."

म्हणजे चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा, शिरूर, आणि वाटभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागून सुटलो की पुढं दुसरी. माझी कंबर, माझे ते ग्रीस संपलेले गुडघे. शिरूरच्या दुकानात पोचलो तर मामांचा फोन. "मोबाईल बेरिंगापाशी धरा, आन् त्याला म्हनावं फिरव." दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच गावात तोंड लपवावंसं वाटलं. पण फिरवलं त्यानं. चार गिऱ्हाइकं गप्प उभी राहिली. फोनमधून मामा म्हणाले, "दुसरं." दुसरं फिरवलं. "हे घ्या. आता ह्याची जोड." पाचव्या बेरिंगाला जोड जमली. निघताना दुकानदार मला म्हणाला, "पाहुणे, हे कोन हायती? यांच्या पाया पडाय पायजे." मी म्हणालो, या भांडगावला, मोफत आहे.

शनिवारी सकाळी बघतो तर किचनमध्ये आरडाओरडा. आमचा आचारी राजस्थानचा, डोळे फाडून डीप फ्रीजरसमोर उभा. आत रबडीच्या डब्यांच्या मधोमध, प्लॅस्टिकात गुंडाळलेले ॲक्सलचे दोन दांडे. मामांनी आदल्या संध्याकाळीच ठेवले होते, थंड होऊन आखडायला. आणि तिकडे शेगडीवर, भज्यांच्या जुन्या तेलात, कढईत दोन बेरिंगं.

"मामाजी, ये क्या तल रहे हो?"

"बेरिंग है. घाबरू नको. तुमको नहीं देगा."

तेलाला धूर सुटायच्या आत मामांनी झाऱ्यानं बेरिंग उचललं. दुसऱ्या हातानं फ्रीजरमधला दांडा. तापून फुललेलं बेरिंग गारठलेल्या दांड्यावर सरकलं, टप्प करून जागेवर बसलं. हातोड्याचा एक घाव नाही. आचाऱ्यानं हात जोडले. "बेरिंगाला मारायचं न्हाई कवा," मामा म्हणाले. "मारून बसवलेलं नांदत न्हाई." त्या कढईचं पुढं काय झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

दुपारी अडीचला दोन्ही चाकं बसली. मामांनी स्क्रूड्रायव्हर लावला, मी हातानं चाक फिरवलं. मामांचा चेहरा दोन दिवसांनी सैल झाला. मला हुश्श वाटलं. म्हटलं, चला, आता गाडी सजवायला देऊ, पाचला मालक बघायला येणार आहेत.

"ट्रायल ऱ्हायली," मामा म्हणाले.

"घ्या की. फाटकापर्यंत जा नि या."

"तसली न्हाई. लोड ट्रायल. दीड तास."

आता मात्र माझा तोल गेला. दोन दिवस मी उकिडवा बसलो, दौंड केलं, शिरूर केलं, सगळ्या दुकानासमोर लाज गेली. "मामा, चारला फुलंवाले गाडी मागतायत! दीड तास कसला? लोडच पाहिजे ना? मी बसतो मागं. पंच्याऐंशी किलो आहे, बस्स झालं? चला!"

मी जाऊन मागच्या सीटवर बसलो. मामा हलेनात. स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात करत राहिले.

"लोड घरी हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"आन् त्या डेकोरेशनवाल्याला काय बोलू नका आता. त्याचं काय न्हाई त्यात. पानी मी मारलंय."

मला काही उमजेना. मामा माझ्याकडे न बघता चालायला लागले, मी मागोमाग. मागच्या फाटकातून त्यांच्या दारात. दारात आमच्या लॉन्सची लाल खुर्ची, जी गेले वर्षभर मी कॅटरिंगवाल्याच्या नावावर हरवलेली धरली होती. खुर्चीत मामी. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, जरा तिरकं लागलेलं, कारण ते मामांनी लावलेलं. डाव्या हातात गाठोडं. सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या.

"हिच्या भावाची मेंढरं बसल्यात कॅनॉलच्या पल्याड, शेतात," मामा म्हणाले. "दिवाळीपासनं इथंच फिरतोय त्यो बिऱ्हाड न् मेंढरांचा वाडा घिऊन. उद्या उजाडायला कोकनात जानार. ही त्या मेंढरांमागंच वाढलीया. चाकाच्या खुर्चीत बसत न्हाई, पोरं बघत्यात म्हनती. म्हंजी, म्हनत न्हाई, पर मला कळतं. गाडीत बसती. पयलं निस्तं कॅनॉलपतुर न्यायचो. मेंढरं आली तसं शेतात न्यायला लागलो. चिखूल लागायचा. तुम्हाला कळू नये म्हनून चाकं धुवायचो, पंपानं. तेच पानी आत गेलं. मला कळत हुतं जातंय. फिटर हाय मी." त्यांनी मामींचा पदर सारखा केला. मग म्हणाले, "सोमवारी भंगारात दिलीसा तर हिला कशात नेऊ?"

तीस वर्षं बेरिंग सांभाळलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं एक बेरिंग मारलं होतं. म्हणून टोपी काढली नव्हती. मला त्यांचा राग यायला हवा होता, डेकोरेशनवाल्यासाठी तरी. आला नाही. लाज वाटली ती माझी मला. भिंतीपलीकडे दोन वर्षं हे चाललंय आणि मी गाडी कशी स्वच्छ असते म्हणून खूश होतो.

"मामी, चला," मी म्हणालो.

गाडी दारात आणली. मामांनी मामींना उचललं, अलगद, आणि मागच्या सीटवर बसवलं. त्या कलू नयेत म्हणून मामा एरवी त्यांना उपरण्यानं सीटला बांधायचे. आज मी शेजारी बसलो, त्यांचा दंड धरून. गाडी निघाली. चिडीचूप. बेरिंगाचा आवाज म्हणून नाही. आमची तोंडं मागं, त्यामुळे लॉन्स, कमान, झेंडू, सगळं लांब जाताना दिसत होतं. इतकी वर्षं मी त्या जागेत राबतोय, पण तिच्यापासून दूर जाताना असा निवांत कधी बसलो नव्हतो.

कॅनॉल ओलांडून कच्च्या वाटेनं शेतात गेलो. मामांनी गाडी वळवून उलटी उभी केली, म्हणजे मामींच्या समोर थेट मेंढरं. दोनेकशे असतील. मामींचा भाऊ बिरू धावत आला. मामींनी गाठोडं त्याच्या हातात दिलं, भाकरी आणि चटणी होती. त्यानं एक काळं कोकरू आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामींचा डावा हात त्याच्या पाठीवरून फिरायला लागला. आणि मग, ज्या बाईच्या तोंडून दोन वर्षांत शब्द फुटला नव्हता, तिनं जीभ टाळ्याला लावून मेंढक्यांची हाळी दिली. ट्र्र्र्र हिर्रर्र! वाकडी, अर्धवट, पण हाळीच. पुढच्या पाच-पंचवीस मेंढ्यांनी माना वर केल्या आणि चालत आल्या. गाडीला अंग घासायला लागल्या, खालून, चाकांमधून. ती लोकर तिथून आली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगून टाकतो. मामा दहा पावलांवर आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि विनाकारण एका बाभळीकडे बघत होते.

बिरू म्हणाला, "येतो ताई. पाऊस लागायच्या आत माघारी येतोच." मामींनी त्याच्या बंडीची बाही धरली. सोडेनात. शेवटी मामांनी येऊन एकेक बोट सोडवलं.

परत आलो तर चाकांना काळा चिखल, मडगार्डला लोकर. मामी घरात गेल्या. मामा सवयीनं पंपाकडे वळले.

"राहू द्या," मी म्हणालो. "नव्या बेरिंगात पाणी नको."

"मालक येतील आता."

"येऊ द्या."

मालक आले. चिखल बघून कपाळाला आठ्या. मी म्हणालो, "लोड ट्रायल घेतली. कच्च्या रस्त्यावर, दीड तास." मालकांनी गाडी फाटकापर्यंत चालवून बघितली, आवाज नाही. "बरं, ठेव मग," म्हणाले. रविवारी ओल्या फडक्यानं नुसती वरवर पुसलेली गाडी झेंडूच्या माळा लेवून निघाली, आणि म्हातारी आजी राणीसारखी मांडवात गेली. चाकाकडे बघून म्हणाली, "गाडी शेतात बी जाती वाटतं. ब्येस." डेकोरेशनवाल्याची मी माफी मागितली. त्यानं माझ्याकडे संशयानंच बघितलं. सतरा वर्षांत मॅनेजरनं माफी मागितल्याचं त्यानं बघितलं नव्हतं, त्याचं काय चुकलं.

पुढच्या बिनमुहूर्ताच्या दिवशी मामा गाडीची चावी मागायला आले. धुण्याच्या पंपाची चावी आता माझ्या खणात असते.

"मेंढरं तर गेली कोकणात. आता कुठं नेता?" मी विचारलं.

"तिथंच. मोकळ्या शेताकडं बघत बसती."

जायच्या आधी मामांनी मागच्या ॲक्सलला स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "दहा वर्षं बघतंय हे," म्हणाले. "तुम्ही रिटायर व्हाल तवर." चांगल्या मूडमध्ये होते. म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं. मी थकलेला होतो, विचार न करता बोललो.

"मामा, सगळ्यांचं सांगता. मामींचं काय म्हणतो स्क्रूड्रायव्हर?"

मामांनी स्क्रूड्रायव्हर फडक्यानं पुसला, टोकापासून मुठीपर्यंत. मग आतल्या खिशात ठेवला.

"तिला न्हाई लावत," ते म्हणाले.

मी चावी दिली. गाडी मागच्या फाटकातून आवाज न करता निघून गेली.